पोस्टरवरचा डावा हात

मरोदा, भिलाई
१२ जानेवारी

शुभम,

अक्षर ओळखू येणार नाही तुला. डाव्या हातानं लिहिते आहे. उजव्यात सळया घातल्या आहेत आणि मधल्या दोन बोटांबद्दल डॉक्टर म्हणाले, "राहतील, पण कामाची नाहीत." तुझ्यासारखीच.

सवयीनं 'प्रिय' लिहिलं होतं, ते खोडलं. डाग दिसत असेल तर तो त्याचा आहे, रडण्याचा नाही.

दुर्ग जेलात मोबाईल चालत नाही म्हणून हा कागद. मराठीत लिहिते कारण पत्रं उघडणारे सिपाही हिंदीवाले. अर्धं कळेल आणि अर्ध्यावर कंटाळतील. साहेब, तरीही वाचत असाल तर वाचा, मला लाज नाही. लाजायचं ज्यानं, तो तुमच्या बराकीत बसला आहे.

काल आई तुला भेटून आली. तुझा निरोप तिनं तोंडपाठ करून आणला होता, पोथी म्हणावी तसा म्हणून दाखवला. "ताईले म्हणा, कोर्टात सांग दारात हात सापडला म्हणून. मी सुटलो की चित्रांचं अकाउंट तिच्या नावावर करून देतो. सगळी चित्रं तिची."

वा रे राजा! माझीच चित्रं मला देणार, आणि तीही एका खोट्याच्या बदल्यात. आयत्या बिळावर नागोबा बसला आणि आता उंदराकडे भाडं मागतो. मी जेवत होते. ताट उचलून आईच्या अंगावर फेकलं. डाव्या हातानं फेकलं म्हणून भिंतीला लागलं. वरणाचा ओघळ अजून तसाच आहे, कोणी पुसला नाही.

आई म्हणाली, "तो तुया भाऊ होय ना पोरी!"

मी म्हटलं, "हो ना. परकं कोणी असतं त इतक्या जवळून मारता आलं नसतं."

पण एक सांगते, तुला सांगायची इच्छा नाही तरी सांगते. त्या निरोपापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नाही. चित्रांखाली माझं नाव. बाबा बूट घालून झोपलेत त्या चित्राखाली 'मोनाली गभणे, भिलाई'. मला ते हवं आहे, शुभम. भुकेल्याला भाकर हवी असते तसं हवं आहे, आणि हे तुला ठाऊक आहे म्हणूनच तू नेमका तिथं घाव घातलास. घाव घालण्यात तुझा हात बसला आहे आता.

उत्तर देत नाही. विचार करते आहे.

मोनाली


मरोदा
२ फेब्रुवारी

शुभम,

तुझं पत्र आलं. त्यात माफी शोधली, सापडली नाही. उलटून पाहिलं, मागं पण नव्हती. सापडलं ते हे: "तू हसली नसतीस तर माझा हात उठला नसता." चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

ठीक आहे, मग त्या हसण्याचीच गोष्ट करू. तुझा वकील त्याची गोष्ट रचणारच आहे. त्याआधी खरी एकदा कागदावर येऊ दे.

चित्रं मी काढत होते. आधी मोबाईलवर बोटानं, मग तू जुना टॅबलेट आणून दिलास त्यावर. तो तू दिलास, हे मी नाकारत नाही. 'चित्रमंडी'वर घरबसल्या चित्रं विकता येतात हेही तूच शोधलंस. खातं उघडायची वेळ आली तेव्हा मी पोळ्या लाटत होते आणि बाबा बाहेरून म्हणाले, "पोरीचं नाव-फोटो नेटवर कावून? उद्या सोयरीक आली त काय सांगू? पोराच्या नावानं उघड." तू उघडलंस. मला कोणी विचारलं नाही. चित्रं विकली जाऊ लागली आणि भिलाईत तू कलाकार झालास. तुझ्या दारात बुलेट आली, माझ्या वाट्याला 'ताई, एक और बना दे ना जल्दी' आलं.

मग मंडीनं ती 'समान संधी' स्पर्धा काढली. संगणकाकडून चित्रं काढून घेणारे वाढले होते, म्हणून नियम असा की चित्र काढतानाचा व्हिडिओ पाठवा, त्यात फक्त हात दिसू द्या. नाव नको, चेहरा नको, जात नको, डिग्री नको. मुंबईचा असो की मरोद्याचा, बाप्या असो की बाई, निवड हातावरून होणार. 'हाथ दिखाओ, मौका पाओ.' ते वाचून मला रडू आलं होतं. वाटलं, कोणीतरी खास माझ्यासाठी दार उघडं ठेवलं आहे.

तू मोबाईल स्टुलाला टेकवलास, समोरचा कॅमेरा लावलास. मी काढत बसले. माझा उजवा हात, आणि त्यावर शेवंताआजीनं भंडाऱ्याच्या बाजारात बसवून करून घेतलेलं गोंदण. विंचू, त्याची नांगी करंगळीकडे, भोवती ठिपके. सगळ्या देशातून आलेल्या हातांत त्यांना हा हात आवडला. त्यांनी त्याचं पोस्टर केलं. खाली नाव घातलं, शुभम गभणे.

समोरचा कॅमेरा आरशासारखा असतो, उजवं ते डावं करतो. पोस्टरवर माझा उजवा हात डावा झाला होता. मी पाहिलं आणि सोडून दिलं.

तू नाही सोडलंस. मंडीची माणसं तुला भेटायला घरी येणार असं ठरलं आणि तू हाताला पट्टी बांधून हिंडू लागलास. गाडीवरून पडलो म्हणालास. मी तुला हळद-दूधही दिलं, मूर्ख मी! प्रत्यक्षात तू भिलाई-३च्या बाजारात जाऊन, गोदनावालीला पोस्टर दाखवून, तोच विंचू काढून घेतला होतास. पोस्टरवर होता तिथंच. डाव्या हातावर.

त्या रविवारी मंडीच्या रेणू मॅडम आल्या. सोबत कॅमेरावाला. तू नवा कुर्ता घालून सोफ्यावर बसलास, पट्टी काढलेली, हात मांडीवर असा ठेवलेला की नवरीनं मेंदी दाखवावी. मी पोह्यांच्या प्लेटी आणल्या. ठेवताना माझा उजवा आणि तुझा डावा एकाच टेबलावर आले. विंचवासमोर विंचू.

मी हसले. पोट धरून हसले. टिंगल करायची म्हणून नाही, आवरलंच नाही म्हणून. ह्या हातानं तुला भरवलं, तुझं नाक पुसलं, परीक्षेत नापास झालास तेव्हा ह्याच हातानं थोबाडलं. आणि गोंदण कोणत्या हातावर आहे हे तुला पोस्टरात पाहावं लागलं. बाजूच्या खोलीत मी होते, शुभम. यायचं आणि पाहायचं.

मॅडम म्हणाल्या, "दोनों के हाथ पे सेम?"

तू म्हणालास, "ताई, तू अंदर जा." आवाज हुबेहूब बाबांचा.

मी आत गेले नाही. टेबलावरचा टॅबलेट घेतला आणि उभ्या उभ्या तुलाच काढलं, नव्या कुर्त्यातला, घाम फुटलेला. मॅडम चित्राकडे पाहत राहिल्या. पोहे तसेच ठेवून "हम बात करते हैं" म्हणाल्या आणि निघाल्या.

पुढचं तुला माहीत आहे, पण तुझ्या पत्रात ते नाही म्हणून लिहिते. तू दार लावलंस. "मले हसून राहिली? चार लोकांत मले हसून राहिली?" मी स्वयंपाकघरात पळाले, तिथून पुढं वाट नव्हती. पाट्यावर मिरचीचा ठेचा वाटून ठेवलेला होता. तू माझं मनगट त्या पाट्यावर गुडघ्यानं दाबलंस आणि वरवंटा उचललास. पहिला घाव मी पाहिला, ऐकला नाही. दुसरा ऐकला. सुकी काटकी मोडते तसा आवाज होता. ठेचा हाडापर्यंत गेला आणि मी कुत्र्यासारखी ओरडले. आईनं काय केलं? खिडक्या लावल्या. शेजारी ऐकतील म्हणून. बाबांनी टीव्ही मोठा केला.

तिसऱ्या घावाआधी माझ्या डाव्या हाताला खलबत्त्यातला बत्ता लागला. तो मी तुझ्या तोंडावर घातला, पूर्ण ताकदीनं. तुझे समोरचे दोन दात मोरीत सापडले. ते मी ठेवलेत, आईला सांगू नकोस. मग तू माझा गळा धरलास. दिवाळीचे आकाशकंदील दिसावेत तसं डोळ्यांपुढं काहीतरी लाल-पिवळं फिरत होतं. शेजारच्या शामसुंदरकाकांनी दाराची कडी तोडली नसती तर हे पत्र तुला आलं नसतं. गळ्यावरचे वळ डॉक्टरांनी लिहिले म्हणून कलम वाढलं, म्हणून जमानत होत नाही. मी वाढवलं नाही. तुझ्याच बोटांनी वाढवलं.

आता पुन्हा लिही, हसली नसतीस तर म्हणून.

मोनाली


वैशाली नगर, भिलाई
१८ मार्च

शुभम,

पत्ता बदलला हे दिसलंच असेल. वंदनाकडे आहे, तीच माझ्यासोबत शिवणकाम शिकलेली. तिच्या टेलरिंगच्या दुकानामागं एक खोली आहे. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर.

होळी झाल्यावर धोंडबामामा आला, सोबत दोन माणसं. आईनं बोलावलं होतं. आधी गोडीत बसला, चहा मागितला. म्हणाला, "भाऊ जेलात सडून राहिला अन् तू इथं तोऱ्यात? पोरीच्या जातीनं इतकं ताणू नये. दार म्हणाचं, मोकळं व्हाचं."

मी म्हटलं, "मामा, तुमचा हात द्या. दारात घालून दाखवते कसा मोडते ते. मग ठरवू."

त्यानं टॅबलेट उचलला आणि गुडघ्यावर मोडला, वाळकी फांदी मोडावी तसा. ज्याच्यावर मी काढलं आणि तुझं नाव झालं तो टॅबलेट. मी उठले तर एकानं माझा प्लास्टरचा हात धरून पिरगळला. मला काही दिसेना. पण गॅसवर चहा होता आणि तो मला दिसला. पातेलं मामाच्या छातीवर रिकामं केलं. त्याची कातडी शर्टाला चिकटली होती म्हणे. तो किंचाळत अंगणात लोळला आणि आईनं मला, माझ्या आईनं, केस धरून उंबऱ्याबाहेर ओढलं. "माह्या भावाले जाळलं! पोराले जेलात घातलं, आता भावाले जाळलं! मर तू!" तिनं चपलेनं मारलं. बाबा तुळशीजवळ उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं तर ते तुळशीला पाणी घालू लागले.

मी आईवर हात उचलला नाही. उचलणार होते. डावा वर गेला सुद्धा. मग तिच्या डोळ्यांत पाहिलं, त्यात राग नव्हता, नुसती भीती होती. तुझी भीती, बाबांची, मामाची, लोकांची. माझी तेवढी नाही. माझी भीती वाटावी इतकं मला घरात कोणी मोजलंच नव्हतं.

इथं वंदना कापड बेतायचा खाकी कागद देते आणि बेतायचा खडू. मी डाव्या हातानं रेघ ओढते. रेघ दारुड्यासारखी जाते. काल एक बाई काढली, नाक कानापाशी गेलं. वंदना म्हणाली, "छान आहे, माझ्या सासूसारखी दिसते." त्या मारामारीनंतर पहिल्यांदा हसले. हसताना आधी दाराकडे पाहिलं. ही सवय तू लावलीस.

मोनाली


वैशाली नगर
२० एप्रिल

शुभम,

आज तुझा विजय झाला. पेढे वाट.

मी मंडीकडे तक्रार केली होती की हात माझा आहे. त्यांनी उत्तर दिलं, दोघांच्या हातांचे फोटो पाठवा. मी माझा पाठवला, टाके पडलेला, विंचवाच्या मधोमध फाटलेला. बाबांनी तुझा पाठवला, पोहे खायच्या दिवसाचा, कॅमेरावाल्यानं काढलेला. त्यांच्या मशीननं ताडून पाहिलं. पोस्टरवर डावा, तुझा डावा. पोस्टरवर विंचू अखंड, तुझा अखंड. जुळलं. माझा उजवा आणि तुटका. जुळला नाही. निकाल असा की कलाकार शुभम गभणे, आणि दुसऱ्याच्या कामावर दावा सांगितल्याबद्दल मला ताकीद.

म्हणजे तुझी चूकच तुझी साक्षीदार झाली. तू मला नीट पाहिलं असतंस आणि उजव्यावर गोंदवलं असतंस, तर आज हरला असतास. मला कधीच न पाहिल्याचं बक्षीस मिळालं तुला.

मी रेणू मॅडमना फोन करून ओरडले. कॅमेरा उलटं दाखवतो! व्हिडिओतलं चित्र आणि विकलेलं चित्र शेजारी ठेवा, डावं-उजवं उलट आहे, लहान पोराला कळेल! त्यांनी तिथल्या तिथं ठेवून पाहिलं. मग म्हणाल्या, "मोनाली जी, मैं मानती हूँ. उस दिन भी मान गई थी. पर फैसला सिस्टम का है. दोबारा जाँच के लिए अकाउंट होल्डर की लिखित सहमति चाहिए. नियम सबके लिए बराबर है."

सगळ्यांना समान. मारणाऱ्यालाही, मार खाणाऱ्यालाही.

वंदनाच्या दुकानात ट्रायलसाठी उभा आरसा आहे. मी त्याच्यासमोर उजवा हात धरला. आरशात पोस्टर उभं होतं, डावा हात, त्यावर विंचू. मी प्लास्टर काढलेल्या त्याच हातानं आरसा फोडला. टाक्यांची जागा पुन्हा फाटली. रक्त ब्लाउजपिसांवर उडालं, एका गिऱ्हाईकाचं लग्नाचं कापड होतं. वंदना काचा वेचत बसली आणि मग म्हणाली, "आता दुसऱ्या हाताचंही असंच कर, म्हणजे जोडी होईल." मग तिनं मला धरलं आणि मी ओरडून ओरडून रडले.

संध्याकाळी आई आली. तिनं सांगितलं की जेलात तुला मारतात. वॉर्डातल्या दोघांनी तुझ्या बरगड्या मोडल्या, 'बहन पे हाथ उठानेवाला' म्हणून. आई म्हणाली, "त्याले श्वास घेता येऊन नाही राहिला, मोना." ते ऐकून मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं, गरमीत गार पाणी प्यावं तसं. आणि मग मी मोरीत जाऊन उलटी केली. ह्या कमरेवर बसवून तुला दसऱ्याच्या मैदानात नेत होते मी. तुझ्या बरगड्या मोजता येतील इतका हडकुळा होतास.

म्हणून हे लिहिते. जिंकलास. दार म्हणीन. संमतीचा कागद सही करून आईजवळ दे, तिनं तो कोर्टाच्या आवारात माझ्या हातात ठेवावा, मी आत जाऊन दार म्हणते. तू सुट, माझी चित्रं मला दे, आणि मग आपण एकमेकांना मेलो.

ताई


वैशाली नगर
२१ जून

शुभम,

तू म्हणशील, विश्वासघात केला. काय घडलं ते एकदा माझ्या बाजूनं वाच, मग पत्र फाड.

कागद आला होता. आवारातल्या चिंचेखाली आईनं पदरातून काढून दाखवला. तुझी सही होती, उजव्या हाताची, सुबक. हातात दिला नाही. "आधी आत बोल, मग देते," म्हणाली. मी हो म्हटलं. खरंच हो म्हटलं. पायऱ्या चढताना मनात एकच शब्द घोकत होते, दार, दार, दार.

तुला बेडीतून आणलं. समोरचे दात नाहीत, एका बाजूला वाकून चालतोस. तुला तसं पाहून मला वाटलं, पुरे झालं. दोघांचं मिळून एक धड शरीर राहिलेलं नाही, आता पुरे.

तुझ्या वकिलाला घाई. मी बोलायच्या आधीच त्यानं ते पोस्टर टेबलावर पसरलं. हुजूर, ये देश का माना हुआ कलाकार है, ऐसा लड़का बहन का हाथ तोड़ेगा? ये देखिए इसका हाथ. तू डावा वर केलास. विंचू दाखवलास. आईनं माझ्याकडे पाहून मान हलवली, म्हणजे राहू दे, काही बोलू नको. मी बोलले नाही. मी अजूनही दारच म्हणणार होते, शुभम. शप्पथ.

मग मॅजिस्ट्रेट बाईंनी तुझ्याकडे पाहिलं. तू आत येताना रजिस्टरवर उजव्या हातानं सही केली होतीस ते त्यांनी पाहिलं असावं. साधंच विचारलं, चहा घेता का असं विचारावं तसं. "चित्र किस हाथ से बनाते हो?"

मी तुझ्यापासून हातभर अंतरावर उभी होते. माझा उजवा हात झोळीत, तुझ्या डोळ्यांसमोर. ज्या हातानं ती सगळी चित्रं काढली तो हात. तुझ्यामुळं झोळीत गेलेला हात. इकडे पाहिलं असतंस तर उत्तर इथं होतं.

तू टेबलाकडे वाकलास. पोस्टर पाहिलंस. मग म्हणालास, "जी, बाएँ से."

बस. माझ्या आत काहीतरी शांत झालं. त्या पोह्यांच्या दिवशी हसू आलं होतं, ह्या वेळी आलं नाही. बाईंनी मला विचारलं, हाताला काय झालं. दार हा शब्द जिभेवर तयार होता, पाठ केलेला. मी तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "वरवंटा."

मग सगळं बाहेर आलं. पाटा, ठेचा, खिडक्या, टीव्ही. मामाचं पण. माझ्या हातचा बत्ता आणि मामाच्या छातीवरचा चहा सुद्धा सांगितला. बाबा उठून बाहेर गेले. तू कठड्यावरून माझ्यावर झेप घेतलीस, बेडीसकट, तोंडातून थुंकी उडत होती. "मार डालूँगा तेरे को, ताई, मार डालूँगा!" मला धमकी दिलीस ती हिंदीत आणि त्यातही ताई म्हणालास. सिपायांनी तुला खाली पाडून कोपरानं ठोसलं, नेमकं मोडलेल्या बरगड्यांवर. तू ओरडलास तेव्हा मी कान झाकायला गेले आणि एकच कान झाकता आला.

बाहेर आईनं तो कागद फाडला. माझ्यासमोर, बारीक बारीक, आणि तुकडे माझ्या तोंडावर उधळले. नव्या नवरीवर अक्षता टाकतात तसे. "घे, घे तुही चित्रं!" मग ती पायरीवर बसून ऊर बडवू लागली. मी तिच्याजवळ बसले तर तिनं लाथ मारली. तरी मी बसले. लाथ मारून दमली तेव्हा तिनं माझ्या मांडीवर डोकं टेकलं आणि तशीच पडून राहिली.

चित्रं गेली. तुझ्या नावावर राहतील, बाबा बूट घालून झोपलेले पण. त्याचं दुःख मी लपवत नाही, रोज सकाळी उठल्यावर आधी तेच आठवतं. मंडीवर नवीन खातं उघडलं आहे, माझ्या नावाचं, डाव्या हाताचं. सगळ्यांत खालून. व्हिडिओ करताना ह्या वेळी मागचा कॅमेरा लावला. वंदनाच्या सासूसारखी दिसणारी बाई टाकली आहे. अजून कोणी पाहिली नाही.

तुला शिक्षा होईल. किती ते माहीत नाही. मामाच्या छातीची केस माझ्यावर पडली तर मीही उभी राहीन, तुझ्यासारखी पोस्टरकडे पाहणार नाही.

शेवंताआजी काय म्हणायची ते आठवतं? मेल्यावर अंगावरचं सगळं उतरवतात, बांगड्या, डोरलं, लुगडं. गोंदण तेवढं कोणाला काढता येत नाही, ते सोबत येतं. तुझ्यासोबत आता माझा हात येणार आहे, शुभम. तू मोडलास तो नाही. न मोडलेला. जन्मभर जेवताना समोर दिसेल.

पुढच्या महिन्यात जेलात तुझ्या भेटीला येते. नाव लिहून दिलं आहे. जाळीला मी माझा उजवा हात लावीन, गोंदण तुझ्याकडे करून, जितका उघडतो तितका. तू पलीकडून तुझा डावा लाव. माझ्या उजव्याला तुझा डावा बरोबर येईल, ठिपक्याला ठिपका, नांगीला नांगी. मधोमध माझा फाटलेला आहे तिथं तेवढा जुळणार नाही. तिथं पाहा. शिव्या द्यायच्या तर दे, थुंकायचं तर थुंक, जाळी आहे मध्ये. पण सिपाही वेळ संपली म्हणेपर्यंत तिथं पाहा.

मोनाली पुंडलिक गभणे
चित्रकार, भिलाई